टायर नवे आहेत

६ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात रोज थोडं लिहीत जा, विसरण्यावर चांगलं असतं. मी काही विसरत नाही. किल्ल्या काय सगळ्यांच्याच हरवतात. पण व्हर्नेलने वही आणून उशाशी ठेवली, वर पेनही ठेवलं, म्हणजे आता लिहिणं आलं. बायकोशी कुठे वाद घालायचा नाही एवढं या वयात कळतं.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचं आहे म्हणे. हरवलो तर सापडणाऱ्याने आणून द्यावं म्हणून असेल. तर: एम्मेट थ्रेडगिल, टोलेडो, ओहायो. धंदा: गावोगाव हिंडून कॉलेजातली फुटबॉल खेळणारी पोरं हेरायची आणि क्लबला सांगायचं की ह्याला घ्या, त्याला घेऊ नका. क्लब ऐकतो की नाही ते विचारू नका. ऐकला असता तर गेल्या हंगामात एवढा मार खाल्ला नसता. हरण्याचं बक्षीस म्हणजे एप्रिलच्या निवडीत आमचा नंबर सहावा. देशातल्या सगळ्या पोरांतून पाच जण उचलले गेले की सहावा आमचा.

मीही, मेकन गावचा पोरगा, एकदा असाच उचलला गेलो होतो, पहिल्या फेरीत, म्हणजे सगळ्यात मोलाच्या पोरांत. तेव्हा मेकनच्या लोकांनी मला आगीच्या बंबावर बसवून गावभर फिरवलं होतं. आई बंबामागून चालत होती, डोक्यावर चर्चची, रविवारची टोपी घालून. तीन हंगाम खेळलो. पण काय हंगाम होते ते!

११ फेब्रुवारी

आज बैठक. व्हिटलॉक आमचा नवा मॅनेजर. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, आयुष्यात एक टक्कर खाल्लेली नाही, पण समोर सतत लॅपटॉप उघडा. मला एम्मेट म्हणतो. म्हणू दे बापडा.

मी पिकेटचं नाव काढलं. एझ्रा पिकेट, अलाबामाच्या कॉलेजात खेळतो, रनिंग बॅक. म्हणजे चेंडू पोटाशी धरून अंगावर येणाऱ्या राक्षसांच्या गर्दीत घुसायचं ते काम. मी करायचो तेच. असा पोरगा दहा वर्षांत पाहिला नाही. दोन माणसांच्या मधे फट आहे हे त्या माणसांना कळायच्या आत त्याला कळतं.

व्हिटलॉक हसला. म्हणाला, "एम्मेट, रनिंग बॅक म्हणजे बटाटे. बाजारात केव्हाही मिळतात. पहिल्या फेरीत कोणी बटाटे घेतं का?"

सगळे हसले. पाचव्या फेरीत तसलेच मिळतात, तीन वर्षांत संपतात, मग दुसरा आणायचा, असं त्याचं गणित. स्क्रीनवर रंगीत रेघा काढून दाखवल्या. एक काळ होता, गावात रनिंग बॅक आला की न्हावी पैसे घ्यायचा नाही. आणि आता हे, बटाटे. माझं डोकं असं तापलं की पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली तेच आठवेना. शेवटी रखवालदाराने दाखवली.

१९ फेब्रुवारी

मेम्फिसला उतरून भाड्याच्या गाडीने मिसिसिपीत गेलो, पिकेटच्या घरी. आई, मिस ओडेसा, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. बाप नाही. घर लहान पण लख्ख. तळलेला मासा, भोपळी मिरचीचं लोणचं आणि दात आंबतील इतका गोड चहा. पोट तुडुंब.

पोरगा नम्र. सर, सर करतो. आईसमोर मान वर करून बोलत नाही. पण खरी खमकी आहे ती आईच. कॉलेजचा कोच तिच्या दारात आला तेव्हा तिने म्हणे त्याच्याकडून शब्द घेतला, की चेंडू घेऊन पळायचं निम्मं ओझं संघातल्या दुसऱ्या मुलाने उचलायचं. माझ्या लेकाला सगळे दिवस पळवायचं नाही. शब्द देत असाल तर न्या, नाहीतर दुसरी वीस कॉलेजं आहेत. आणि कोचने तो पाळलासुद्धा.

बाईला कळत नाहीये तिने आमचं केवढं काम केलंय! आमच्या धंद्यात रनिंग बॅकच्या पायांना टायर म्हणतात. प्रत्येक टकरीगणिक झिजतात. बाकीची पोरं कॉलेजातच गुळगुळीत होऊन येतात. ह्याचे टायर नवे कोरे. व्हिटलॉकच्या तोंडावर मारायला हाच मुद्दा पाहिजे होता.

निघताना तिने विचारलं, तुमच्या गुडघ्याला काय झालं. मी म्हटलं, काही नाही हो, हवेचा त्रास. व्हरांड्याच्या पायऱ्या उंच होत्या. कठडा धरून, आडवा होऊन, एकेक करत उतरलो. एझ्राने पुढे होऊन गाडीचं दार उघडून धरलं. मी गाडीत बसेपर्यंत मिस ओडेसा दारातच उभ्या होत्या, नुसत्या बघत. दक्षिणेतल्या माणसांची रीतच वेगळी, पाहुणा डोळ्याआड होईपर्यंत आत जात नाहीत.

४ मार्च

इंडियानापोलिस. दर वर्षीप्रमाणे सगळ्या क्लबांसमोर पोरांची तपासणी. चड्डीवर उभं करून वजन, उंची, पंजाची लांबी. मग डॉक्टर. प्रत्येक क्लबचा डॉक्टर येतो आणि तोच गुडघा पुन्हा ओढून बघतो. एझ्रा हूं की चूं करत नव्हता. आमच्या डॉक्टरने मला अंगठा वर करून दाखवला, सगळं ठीक.

फोनवर व्हर्नेलला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या खापरपणजोबांनाही गुलामांच्या बाजारात असंच ओट्यावर उभं करून दात बघितले होते." हिचं हे नेहमीचंच. मी म्हटलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं, ही पोरं हौसेने येतात. तिने फोन ठेवला. तिच्या बहिणीकडे शिकागोला जायचं मी पुढे ढकललं, त्याचा राग असणार.

८ एप्रिल

आमच्या क्लबात एक जुनी रीत आहे, आधीच्या मॅनेजरने घातलेली. तिला आम्ही टेबल म्हणतो. वर्षातून एकदा हेरणाऱ्या प्रत्येकाला एका पोरासाठी दोन्ही हात टेबलावर ठेवून उभं राहता येतं. तो खाली बसेपर्यंत कोणी मधे बोलायचं नाही, मालकानेसुद्धा नाही. मी माझं टेबल पिकेटसाठी राखून ठेवलंय.

घरी सराव करतोय. खुर्चीचे हात न धरता उठायचं. बसून बोललं तर म्हातारा कुरकुरतोय असं वाटतं. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा मागे कोसळलो. व्हर्नेल दारात उभी राहून पाहत होती. आत जाऊन बर्फाची पिशवी घेऊन आली.

एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, अजून लिहिलेली नाही. मी निवडला गेलो तेव्हा मेकनच्या लोकांनी मला आगीच्या बंबावर बसवून गावभर फिरवलं होतं. आई बंबामागून चालत होती, रविवारची टोपी घालून.

२२ एप्रिल

जिंकलो. आधी तेच लिहितो.

एका झटक्यात उठलो, काहीही न धरता. दोन्ही हात टेबलावर. म्हटलं, तुम्ही म्हणता रनिंग बॅक तीन वर्षांत संपतो. का संपतो? कारण तो तुमच्याकडे येतो तेव्हाच अर्धा संपलेला असतो. हा तसा नाही. ह्याच्या आईने ह्याला जपलाय. निम्मं ओझं दुसऱ्याने वाहिलंय. ह्याचे टायर नवे आहेत.

मग त्याच्या पळण्याबद्दल बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण मालकांनी कॉफी खाली ठेवली होती. आमच्या कोचचे डोळे चमकत होते. गुडघे थरथरायला लागले तेव्हा बसलो.

व्हिटलॉकने लॅपटॉप पुढे ओढला. आता हा रेघा काढणार, असं मला वाटलं. तर म्हणाला, "एम्मेटचं बरोबर आहे. मीच उलटा विचार करत होतो. पहिल्या फेरीतल्या पोराचा करार लांब असतो, पाच वर्षांचा. टायर नवे, तर पाच वर्षं मनसोक्त दामटता येईल. आणि झिजल्यावर टायर बदलायचे कोणी? गाडीच सोडून द्यायची."

खोली खदखदून हसली. मीही हसलो. वीस वर्षं ह्या खोलीत बसतोय, पहिल्यांदा माझं टेबल चाललं. मालकांनी येऊन हात मिळवला.

घरी आल्यावर व्हर्नेलला सगळं जसंच्या तसं सांगितलं, व्हिटलॉकच्या त्या वाक्यासकट. ती भांडी पुसत होती. विचारलं, "आणि तू काय म्हणालास?" मी म्हटलं, मी काय म्हणणार, मी तर जिंकलो होतो. तिने तीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार

घेतला. सहावा. टीव्हीवर नाव पुकारलं तेव्हा तिथे बसलेले शहाणे एकमेकांकडे बघायला लागले, टोलेडोला वेड लागलंय म्हणाले. लागू दे.

निवडलेल्या पोराला फोन करायचा मान मॅनेजरचा असतो, पण व्हिटलॉकने आज रिसीव्हर माझ्या हातात दिला. माणूस वाटतो तितका वाईट नाही. एझ्रा रडत होता. मग आईने फोन घेतला. मागे सगळं गाव गोळा झालेलं ऐकू येत होतं, पण तिचा आवाज शांत होता.

"मिस्टर थ्रेडगिल, तुम्ही तिथे असाल ना?"

"आहे ना, मिस ओडेसा. रोज असतो."

"मग ठीक आहे," म्हणाली. बाकी काही विचारलं नाही, कधी सही, किती मिळणार, काही नाही. फार सालस बाई.

गावात बंब काढला की नाही ते विचारायचं राहून गेलं.

१४ जून

एझ्राला जेवायला बोलावलं होतं. व्हर्नेलने कोंबडी तळली, पीच घालून केक केला. पोराने पोटभर खाल्लं. हात धुवायला जाताना त्याने जेवणघरात डोकावलं. तिथे आता आमचा पलंग असतो, त्याने विचारलं का बरं. मी म्हटलं, खाली ऊब चांगली राहते. व्हर्नेल म्हणाली, "वरचा मजला गेली सहा वर्षं बंद आहे." हे तिने सांगायची काही गरज नव्हती.

विषय बदलावा म्हणून मी त्याला त्या बैठकीची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. माझं टेबल, नवे टायर, व्हिटलॉकचा विनोद. पोरगा हसला, शिकवल्यासारखा. मग जिन्याकडे बघत राहिला. आमच्या जिन्यावर व्हर्नेल कुंड्या ठेवते, खालपासून वरपर्यंत.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "ते त्याला कशाला सांगितलंस?" आता कौतुक करायचीही चोरी झाली आहे ह्या घरात.

२ सप्टेंबर

क्लबने दुसऱ्या रनिंग बॅकला सोडून दिलं. रेमंड चांगला होता, अनुभवी. मी व्हिटलॉकला गाठून म्हटलं, हे बरोबर नाही, दोघांत ओझं वाटलं तर पोरगा टिकेल, त्याच्या आईने कॉलेजकडून तसा शब्द घेतला होता. व्हिटलॉक म्हणाला, तो शब्द कॉलेजने दिला होता, आपण नाही. आणि नव्या टायरच्या गाडीला स्टेपनी कशाला?

तसं बघितलं तर शब्द आपण दिलेला नाही, हे खरंच आहे. आपण फक्त तिथे असू म्हटलं होतं.

२१ सप्टेंबर

वा रे पठ्ठ्या! आज तीनदा गोलच्या रेषेपलीकडे. शेवटच्या वेळी चौघे अंगावर लोंबकळत होते आणि हा त्यांना घेऊन आत शिरला. मी एवढा ओरडलो की घसा बसला. तीनपैकी तीन सामने जिंकलो. एप्रिलमध्ये हसणारे टीव्हीवाले आता त्याला राजा म्हणतायत. न्हाव्याने आज माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

१९ ऑक्टोबर

जिंकलो. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडेच. समोरच्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, तरी त्याच्याचकडे. सामना आमच्या खिशात होता तेव्हाही कोचने त्याला बाहेर बसवलं नाही. एकदा उठायला वेळ लागला. व्हर्नेल सामने बघत नाही, आतल्या खोलीत कपडे इस्त्री करते. आज मधेच बाहेर आली आणि टीव्हीचा आवाज बंद करून गेली. चित्र तेवढं राहू दिलं.

२ नोव्हेंबर

आज मिस ओडेसा आल्या होत्या, पहिल्यांदाच. बसने आल्या, विमानाला घाबरतात. सामना संपल्यावर घरची माणसं थांबतात त्या खोलीत मी त्यांच्याजवळ बसलो. पोरं वरून लोखंडी जिन्याने खाली येतात. एकेक येत होतं, आयांच्या गळ्यात पडत होतं.

एझ्रा आला. कठडा धरून. आडवा होऊन. एक पाऊल खाली, मग दुसरं त्याच पायरीवर.

मी बघत राहिलो. असा जिना कोण उतरतं ते मला कोणी सांगायला नको.

मिस ओडेसा जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे न बघता, रागाने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या पायऱ्या तुम्ही अशाच उतरला होतात. मी दारात उभी राहून बघत होते. मनात म्हटलं, चला, ह्या माणसाला ठाऊक आहे. हा तिथे असेल तर माझ्या लेकाला जपेल. म्हणून तर फोनवर ठीक आहे म्हटलं."

आजवर मला वाटत होतं ती रीत आहे, दक्षिणेतली. मी मूर्ख आहे. मूर्ख आणि म्हातारा.

तेवढ्यात पोरगा खाली पोचला. आईने विचारलं, गुडघ्याला काय झालं. तो हसून म्हणाला, "काही नाही गं. हवेचा त्रास."

मग आई पर्स शोधायला वळली तेव्हा माझं कोपर घट्ट धरून कानाशी म्हणाला, "सर, क्लबात बोलू नका. पाया पडतो. टायर गेले म्हणतील."

३ नोव्हेंबर

व्हिटलॉकने बोलावलं. कोचही होता. म्हणाले, तुमचा त्या घराशी घरोबा आहे, खरं सांगा, पोराचा गुडघा दुखतोय का? डॉक्टरला तो काही सांगत नाही. दुखत असेल तर आत्ताच कळलेलं बरं, आपण पुढचं बघायला लागू.

पुढचं म्हणजे काय ते विचारलं. व्हिटलॉक म्हणाला, पुढचं म्हणजे दुसरा. टेक्सासमध्ये एक आहे म्हणतात. तुम्हीच जाऊन बघा, टायर बघायची नजर तुमचीच. वर हसला.

दुखतोय म्हटलं तर पोराचा निकाल लागला. सहाव्या नंबरचा राजा सहा महिन्यांत भंगारात, आणि त्याने पाया पडून मागितलेली एकच गोष्ट मी मोडली. नाही म्हटलं तर रविवारी पुन्हा त्याला दामटणार. मी टेबलाकडे बघत होतो. उठून दोन्ही हात ठेवावे आणि बोलावं असं मनात आलं. पण ह्या वर्षीचं टेबल वापरून झालंय, आणि खुर्चीतून उठवलंही नसतं.

मी म्हटलं, "काही नाही. हवेचा त्रास आहे."

दोघांना बरं वाटलं. कोचने पाठीवर थाप मारली.

९ नोव्हेंबर, रविवार

सामन्याच्या तिसऱ्या पाव भागात एझ्रा पडला. कोणी फारसं धडकलंही नव्हतं, वळायला गेला आणि गुडघा आपोआप आत गेला. स्ट्रेचरवरून नेताना त्याने टॉवेलने तोंड झाकून घेतलं होतं. हंगाम संपला एवढं डॉक्टर म्हणाले. त्यापुढचं मी विचारलं नाही.

खेळ थांबला नाही. पाचव्या फेरीतलं कोणीतरी पोर आत आलं आणि तेच पळायला लागलं.

१२ नोव्हेंबर

टेक्सासचं तिकीट आलंय, गुरुवारचं. व्हर्नेलने विचारलं नाही जाणार का म्हणून. तिने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तिची की माझी ते अजून बघितलेलं नाही.

दुपारी मी झोपलो असताना मिस ओडेसांचा फोन येऊन गेला. व्हर्नेलनेच घेतला. काय म्हणाल्या विचारलं.

"काही नाही," व्हर्नेल म्हणाली. "तिकडे हवा कशी आहे, विचारत होत्या."

"मग?"

"मी सांगितलं, दोन आठवडे झाले, स्वच्छ ऊन आहे."